परवान्याआधीची परीक्षा कागदांची

वाहन चालविण्याच्या परवान्याची परीक्षा मैदानावर होते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. प्रत्यक्षात ती त्याच्या कितीतरी आधी घरातल्या पत्र्याच्या पेटीत सुरू झालेली असते. शाळा सोडल्याचा दाखला, आधार कार्ड, मतदार ओळखपत्र आणि असलेच तर जन्म प्रमाणपत्र, हे सारे कागद एका माणसाविषयी एकच गोष्ट सांगतात की नाही, यावर पुढचे बरेच काही ठरते. वर्षानुवर्षे सफाईने दुचाकी चालविणारा मूर्तिजापूर तालुक्यातील एखादा तरुण अकोल्याच्या परिवहन कार्यालयात जातो आणि मैदानावरच्या आठ आकड्यापर्यंत पोहोचण्याआधीच माघारी येतो. त्याचे कारण अनेकदा त्याच्या हातापायांत नसते, नावाच्या किंवा जन्मतारखेच्या एखाद्या अक्षरात असते.

मूर्तिजापूर हे मुंबई-हावडा लोहमार्गावरील आणि जुन्या राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६ वरील गाव. जिल्ह्याचे ठिकाण सुमारे चाळीस किलोमीटरवर. येथील वाहनांवर 'एमएच ३०' हा अकोल्याचा क्रमांक असतो आणि परवान्यासाठीही बहुतेकांची धाव अकोल्याकडेच असते. एका चुकीच्या कागदापायी झालेली फेरी म्हणजे गाडीभाडे आणि बुडालेला दिवस. कपाशीच्या वेचणीत किंवा सोयाबीनच्या काढणीत तो दिवस शेतकऱ्याला परवडत नाही. तालुक्याच्या ठिकाणी ठरावीक दिवशी शिबिरे भरविण्याची परिवहन विभागाची पद्धत आहे. तेव्हा चाचणीची वेळ घेतानाच मूर्तिजापूरच्या शिबिराची तारीख पाहून घ्यावी. मात्र शिबिर असो की मुख्य कार्यालय, कागद तेच लागतात.

या सर्व व्यवहाराचा पाया मोटार वाहन अधिनियम, १९८८ हा कायदा आणि त्याखालील केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ हे आहेत. २०१९ मध्ये कायद्यात मोठी दुरुस्ती झाली आणि कागदपत्रांची रीतही बदलली. पूर्वी शिकाऊ परवान्यासाठी एक नमुना, पक्क्या परवान्यासाठी दुसरा, नूतनीकरणासाठी तिसरा, अशी अर्जांची वेगवेगळी चळत होती. आता या बहुतेक कामांसाठी 'नमुना २' हा एकच अर्ज आहे आणि तो केंद्र शासनाच्या 'सारथी' या संगणक प्रणालीवर भरावा लागतो. झेरॉक्सच्या दुकानात मिळणारे जुने छापील अर्ज आणून, ते भरून, रांगेत उभे राहणारे अद्यापही आढळतात. त्या कागदाचा आता उपयोग नाही.

नाव एक, रूपे तीन

अर्ज भरण्यापूर्वी करावयाचे पहिले काम म्हणजे सर्व कागद शेजारी शेजारी मांडून वाचणे. गावाच्याच नावाचे उदाहरण घ्यावे. मराठीत मूर्तिजापूर, मुर्तिजापूर, मूर्तीजापूर अशी तिन्ही रूपे सर्रास दिसतात. इंग्रजीत कोणी 'झेड' लिहितो, कोणी 'जे'. गावाच्या नावातील असा फरक सहसा कोणी मनावर घेत नाही. व्यक्तीच्या नावात मात्र तो अडतो. शाळेच्या दाखल्यावर वडिलांचे पूर्ण नाव, आधारवर नुसते 'राव' लावलेले किंवा गाळलेले नाव, मतदार यादीत आडनाव आधी, दहावीच्या गुणपत्रिकेत इंग्रजी स्पेलिंग निराळे, हा प्रकार वऱ्हाडातील घराघरांत आहे. विवाहित स्त्रियांच्या बाबतीत तर नाव, मधले नाव आणि आडनाव असे तिन्ही बदललेले असू शकते. अशा वेळी विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र किंवा नावबदलाचे राजपत्र हा दोन नावांमधला पूल ठरतो. तो कागद सोबत नसेल, तर त्या दोघी वेगळ्या स्त्रिया नाहीत हे खिडकीपलीकडच्या लिपिकाने कशावरून मानावे?

कोणता कागद आधी दुरुस्त करावा, याला एक क्रम आहे. शिकाऊ परवान्याचा अर्ज आधार प्रमाणीकरणाने भरल्यास नाव, पत्ता, जन्मतारीख आणि छायाचित्रही आधारच्या नोंदीतूनच येते. अर्जदाराला ते तेथे बदलता येत नाही. म्हणजे आधारवरील चूक जशीच्या तशी परवान्यावर उतरते. म्हणून आधी आधार, मग अर्ज. येथेही घाई नको. आधारवरील नाव आयुष्यात दोनदा आणि जन्मतारीख एकदाच बदलता येते. ती एक संधी घाईगर्दीत चुकीच्या तारखेवर खर्च झाली, तर पुढे मोठी अडचण होते. पत्त्याच्या बदलाला मात्र अशी मर्यादा नाही.

जन्मतारखेचा प्रश्न

महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत एका विशिष्ट पिढीचे वाढदिवस १ जूनला येतात. त्यामागे ग्रहयोग नाही. शाळेत नाव घालताना जन्मदिवस सांगता आला नाही की गुरुजी वयाचा हिशेब जुळवून ती तारीख लिहून घेत. पुढे हीच तारीख अधिकृत झाली. आधारसाठी नोंदणी करताना त्याच व्यक्तीने पुरावा दिला नसेल, तर तेथे अंदाजे दुसरीच तारीख, किंवा नुसतेच जन्मवर्ष, चढले. अशा रीतीने एका माणसाची दोन वये तयार झाली.

वय आणि पत्ता यांच्या पुराव्यासाठी कोणते कागद चालतात, हे केंद्रीय नियमांतील चौथ्या नियमात दिलेले आहे. त्यात मतदार ओळखपत्र, आयुर्विमा पॉलिसी, पारपत्र, शासकीय नोकरीतील वेतनचिठ्ठी, शाळेचा दाखला, जन्म प्रमाणपत्र, आधार यांचा समावेश आहे. यांपैकी काहीच सादर करता येत नसेल आणि त्याला पुरेसे कारण असेल, तर कार्यकारी दंडाधिकारी, प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी किंवा नोटरी यांच्यासमोर केलेले प्रतिज्ञापत्र परवाना प्राधिकारी स्वीकारू शकतो. 'स्वीकारू शकतो' या शब्दांकडे लक्ष असावे. नुसते प्रतिज्ञापत्र नेले की काम झालेच, असे समजणे बरोबर नाही.

वयाच्या बाबतीत शाळा सोडल्याचा दाखला हा सर्वांत भरवशाचा कागद. सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑक्टोबर २०२४ रोजी एका अपघात भरपाईच्या प्रकरणात मृताचे वय ठरविताना आधारऐवजी शाळा सोडल्याच्या दाखल्यावरील तारीख ग्राह्य धरली. आधार हा ओळखीचा पुरावा आहे, जन्मतारखेचा नव्हे, असा त्याचा आशय होता. दाखला हरवला असेल तर शाळेकडून दुय्यम प्रत मिळते. शाळेत न गेलेल्या वृद्धांसाठी वऱ्हाडात आणखी एक जुने साधन आहे, ते म्हणजे कोतवाल बुक. गावातील जन्ममृत्यू कोतवालाच्या पुस्तकात नोंदले जात. त्याची नक्कल आज जातीच्या दाखल्यासाठी अधिक शोधली जाते, पण जन्माच्या तारखेसाठीही ती उपयोगी पडते. तिच्यात मुलाचे नाव बहुधा नसते, बापाचे नाव आणि 'मुलगा' किंवा 'मुलगी' एवढेच असते. तेवढ्यावरून भावंडांपैकी नेमके कोण, हे सिद्ध करण्याचे काम उरतेच.

जन्माची नोंदच झालेली नसेल, तर नगरपरिषदेत किंवा ग्रामपंचायतीत जाऊन ती आज करून घेता येत नाही. एक वर्षाहून अधिक उशीर झालेल्या नोंदीला दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो आणि त्यात वेळ जातो. १ ऑक्टोबर २०२३ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीनुसार, त्या दिवशी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी जन्मतारीख व जन्मस्थळाचा पुरावा म्हणून जन्म प्रमाणपत्रच धरले जाणार आहे, आणि त्यात वाहन परवान्याचाही उल्लेख आहे. ती पिढी मोटारीच्या परवान्यासाठी अर्ज करू लागेल तेव्हा २०४१ साल उजाडलेले असेल. पण आज घरात जन्मलेल्या बाळाचे नाव प्रमाणपत्रावर वेळेत चढवून घेण्याचे काम आजचेच आहे.

अर्जातील न वाचले जाणारे रकाने

शिकाऊ परवान्यासाठी वय १८ पूर्ण असावे लागते. ५० घनसेंटिमीटरपर्यंतच्या मोटारसायकलीसाठी कायद्याने १६ वर्षांची सवलत ठेवली आहे, त्यासाठी पालकाची लेखी संमती लागते. पण तसल्या गाड्या आता बाजारात जवळपास दिसत नाहीत. बारावीच्या मुलाच्या हाती शिकवणीसाठी शंभर घनसेंटिमीटरची गाडी देणाऱ्या पालकांना या सवलतीचा आधार मिळत नाही. उलट २०१९ च्या दुरुस्तीने अल्पवयीनाच्या गुन्ह्यासाठी पालकास किंवा वाहनमालकास तीन वर्षांपर्यंत कारावास आणि २५ हजार रुपये दंड, वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द, आणि त्या मुलास वयाच्या पंचविशीपर्यंत परवाना नाही, अशी तरतूद केली आहे.

अर्जात वाहनाचा प्रकार निवडावा लागतो आणि येथे एक साधी चूक फार महागात पडते. घरात स्कूटर आहे म्हणून फक्त 'गिअर नसलेली मोटारसायकल' या रकान्यात खूण केली जाते. दोन वर्षांनी तोच तरुण गिअरची गाडी घेतो आणि त्याच्याजवळचा परवाना त्या गाडीला लागू पडत नाही. गिअरची दुचाकी आणि हलके मोटार वाहन हे दोन्ही प्रकार एकाच अर्जात मागता येतात. शुल्क प्रत्येक प्रकाराला वेगळे असले तरी पुढची संपूर्ण धावपळ वाचते. केंद्रीय शुल्कतक्त्यानुसार शिकाऊ परवान्याला प्रत्येक प्रकारास १५० रुपये व त्याच्या चाचणीस ५० रुपये, पक्क्या परवान्याच्या चाचणीस प्रत्येक प्रकारास ३०० रुपये आणि परवान्याचे २०० रुपये असे दर २०१६ च्या अखेरीस ठरविण्यात आले. स्मार्ट कार्ड व टपालाचा आकार यांवर वेगळा. या आकड्यांशेजारी मध्यस्थाने सांगितलेला आकडा ठेवून पाहिला की फरक कशाचा, हे कळते. कागदांची भीती हेच त्याचे भांडवल.

'नमुना १' हे शारीरिक योग्यतेचे स्वयंघोषणापत्र. अपस्मार किंवा अचानक घेरी येणे, रातांधळेपणा, दिवसाच्या चांगल्या उजेडात २५ मीटरवरील मोटारीची नंबरपाटी वाचता येते काय, असे प्रश्न त्यात आहेत. चष्मा असल्यास चष्म्यासह वाचता आली तरी चालते. बहुतेक अर्जांवर ही उत्तरे इंटरनेट केंद्रावरचा मुलगा अर्जदाराला न विचारताच भरून टाकतो. त्याखाली सही मात्र अर्जदाराची असते आणि खोटेपणाची जबाबदारीही त्याचीच. चाळिशी ओलांडलेल्यांना आणि परिवहन वाहनासाठी अर्ज करणाऱ्यांना 'नमुना १-अ' मधील डॉक्टरांचे प्रमाणपत्र जोडावे लागते. सौम्य व मध्यम रंगांधत्व असणाऱ्यांना जून २०२० च्या दुरुस्तीने परवान्याची वाट मोकळी झाली आहे. जुन्या नकारामुळे घरी बसलेल्यांनी पुन्हा अर्ज करण्यास हरकत नाही. अर्जात रक्तगट, तातडीचा संपर्क आणि मृत्यूनंतर अवयवदानास संमती, असेही रकाने आहेत. शेवटचा रकाना कोणी दुसऱ्याने भरू नये.

शिकाऊ परवान्याची चाचणी संगणकावर होते. १५ प्रश्न, त्यांपैकी ९ बरोबर यावे लागतात. जून २०२१ पासून महाराष्ट्रात आधारच्या साह्याने ही चाचणी घरूनही देता येते. आधारचा मार्ग नको असेल त्याने कागद घेऊन कार्यालयात जावे. नियमांनी या चाचणीसाठी ठरवून दिलेले विषय चार आहेत: वाहतुकीची चिन्हे व नियम, अपघात झाल्यास चालकाची कर्तव्ये, मानवरहित रेल्वे फाटक ओलांडताना घ्यावयाची काळजी आणि वाहनासोबत बाळगावयाची कागदपत्रे. ब्रॉडगेजवरील मानवरहित फाटके २०१९ च्या आरंभी संपली आणि मूर्तिजापूरहून यवतमाळ व अचलपूरकडे जाणारी शकुंतलाही आता धावत नाही. प्रश्न मात्र अजून त्या फाटकावर उभा आहे. घरच्या चाचणीत शेजारच्या हुशार मुलाने उत्तरे सांगण्याचा प्रकार सर्वांना ठाऊक आहे. अपघातानंतर जखमीला आधी रुग्णालयात न्यावे की पोलिसांची वाट पाहावी, या प्रश्नाचे उत्तर मात्र महामार्गावर सांगायला कोणी शेजारी नसतो.

तीस दिवस आणि सहा महिने

शिकाऊ परवाना सहा महिने चालतो. पक्क्या परवान्याची चाचणी तो मिळाल्यापासून तीस दिवस उलटल्याखेरीज देता येत नाही. या दोन मर्यादांमधील पाच महिने पुरेसे वाटतात आणि म्हणूनच निघून जातात. जूनमध्ये, महाविद्यालयातील प्रवेशाच्या धामधुमीत, काढलेला शिकाऊ परवाना डिसेंबरमध्ये संपतो. मध्ये पेरणी, गणपती, दिवाळी आणि सत्र परीक्षा. नोव्हेंबरच्या अखेरीस वेळ घ्यायला जावे तर जवळची तारीख मिळत नाही. चाचणीत नापास झाल्यास पुन्हा बसण्यासाठी सात दिवस थांबावे लागते आणि तीनदा नापास झाल्यास साठ दिवस. हा हिशेब मनात धरून दुसऱ्या महिन्यातच चाचणीची वेळ घेणे शहाणपणाचे. मुदत संपलेला शिकाऊ परवाना घेऊन आलेल्याला मैदानात प्रवेश नाही. त्याला अर्जापासून सारे नव्याने करावे लागते.

शिकाऊ परवान्यावर गाडी चालवितानाही अटी आहेत. वाहनाच्या पुढे-मागे पांढऱ्या पार्श्वभूमीवर लाल 'एल' हवे आणि मोटार असल्यास शेजारी परवानाधारक शिक्षक हवा. दुचाकीवर मागे बसणारा असल्यास तो शिकविणाराच असावा, मित्र नव्हे.

चाचणीच्या दिवशी वाहन अर्जदाराने आणावयाचे असते, आणि ते अर्जात मागितलेल्या प्रकारातलेच असावे लागते. येथे दुसऱ्या कागदांची तपासणी सुरू होते. नोंदणी पुस्तक, चालू विमा, प्रदूषण नियंत्रण प्रमाणपत्र. भावाची किंवा शेजाऱ्याची गाडी आणणाऱ्याने विम्याची तारीख आदल्या दिवशी पाहून घ्यावी. अर्जदाराचे सगळे कागद चोख आणि गाडीचा विमा दोन आठवड्यांपूर्वी संपलेला, हे दृश्य नवीन नाही. हे कागद डिजिलॉकरमध्ये असल्यास तेही ग्राह्य आहेत. दुचाकीसाठी हेल्मेट सोबत असावे, हे सांगण्याची गरज पडू नये.

ट्रॅक्टर, टेम्पो आणि जुनी पुस्तके

मूर्तिजापूरच्या बाजार समितीकडे माल आणणाऱ्या ट्रॅक्टरांचा प्रश्न वेगळाच. ७,५०० किलोपर्यंत वजनाचा ट्रॅक्टर कायद्याच्या व्याख्येत हलक्या मोटार वाहनात मोडतो. मागे ट्रॉली जोडल्याने ट्रॅक्टरचा वैध परवाना निरुपयोगी ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने नागशेट्टी प्रकरणात २००१ मध्ये म्हटले. छोट्या मालवाहू गाड्या व ऑटो चालविणाऱ्यांनाही ६ नोव्हेंबर २०२४ च्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाच्या निर्णयाने दिलासा मिळाला. ७,५०० किलोपर्यंतच्या परिवहन वाहनासाठी हलक्या मोटार वाहनाच्या परवान्यावर स्वतंत्र शेऱ्याची गरज नाही. त्याहून जड वाहनासाठी मात्र परिवहन परवाना हवाच. त्याला वय २० पूर्ण, हलक्या वाहनाच्या परवान्याचे किमान एक वर्ष आणि चालक प्रशिक्षण शाळेचे 'नमुना ५' मधील प्रमाणपत्र लागते. आठवी उत्तीर्ण असण्याची अट २०१९ मध्ये काढून टाकण्यात आली. ती अट आहे असे समजून अर्जच न करणारे चालक आहेत.

हे निकाल सर्वोच्च न्यायालयापर्यंत का गेले, याचे उत्तर अपघाताच्या दुसऱ्या दिवशी कळते. दुसऱ्याचा जीव गेला किंवा तो अपंग झाला, तर भरपाईचा दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे जातो आणि विमा कंपनी सर्वप्रथम चालकाचा परवाना पाहते. २००४ च्या स्वर्णसिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने शिकाऊ परवानाधारकही परवानाधारकच मानला. परवाना नाही किंवा तो त्या वाहनाचा नाही आणि त्यात मालकाची हयगय आहे असे सिद्ध झाले, तर कंपनीने पीडिताला रक्कम द्यावी व ती मालकाकडून वसूल करावी, असा आदेश होऊ शकतो. काही लाखांची ही वसुली कोरडवाहू पाच एकरांच्या धन्यावर आली, तर तिचा शेवट कशावर होतो, हे वऱ्हाडात कोणाला सांगायला नको. विनापरवाना चालविण्याचा पाच हजारांचा दंड त्यापुढे किरकोळच.

म्हणूनच नव्या परवान्याइतकेच जुन्याकडेही लक्ष हवे. हाताने लिहिलेली जुनी पुस्तके अनेक घरांत आहेत. त्यांतील नोंद संगणकात चढलेली नसेल तर नूतनीकरणापूर्वी ती परवाना देणाऱ्या कार्यालयाकडून करून घ्यावी लागते. मुदतीचे गणितही बदलले आहे. तिशीच्या आत मिळालेला परवाना आता वयाच्या चाळिशीपर्यंत चालतो. तिशी ते पन्नाशीत मिळालेला दहा वर्षे, पन्नास ते पंचावन्नमधील साठीपर्यंत आणि त्यापुढे पाच-पाच वर्षे. नूतनीकरणाचा अर्ज मुदतीच्या एक वर्ष आधीपासून एक वर्ष नंतरपर्यंत करता येतो. हे वर्ष उलटल्यास चाचणी पुन्हा द्यावी लागते. पूर्वी ही सवलत पाच वर्षांची होती, आणि 'अजून वेळ आहे' म्हणणारे बहुधा त्याच जुन्या हिशेबावर विसंबलेले असतात.

चाचणी उत्तीर्ण झाल्यावर परवाना हाती मिळत नाही, तो टपालाने घरी येतो. आधारवर पत्ता पुण्याच्या खोलीचा आणि माणूस मूर्तिजापुरात, अशी स्थिती असल्यास तो पुण्याला जातो. नुसते 'मु. पो.' आणि गावाचे नाव असलेल्या पत्त्यावर एकाच नावाची चार घरे निघतात. अर्ज भरतानाच वॉर्ड, घर क्रमांक, पिनकोड आणि चालू भ्रमणध्वनी क्रमांक बघून घ्यावा. पाकीट न पोहोचता परत गेले, तर ते घेण्यासाठी पुन्हा अकोल्याची गाडी धरावी लागते.